सिड व्हिशसचे ‘माय वे’ नेमके कोणते?

सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक, म्हणजे बंडखोर, राकट रॉक वाजवणाऱ्या बँडमधल्या सिड व्हिशसच्या आवाजातले ‘माय वे’ शोधायला गेले, की एकाच गायकाची एकाच नावाची दोन अगदी वेगळी ध्वनिमुद्रणे समोर येतात, आणि बहुतेक श्रोते जे आधी हाताला लागेल तेच ‘ते’ गाणे समजून पुढे जातात. त्यातले एक ‘द ग्रेट रॉक अँड रोल स्विंडल’ या दुहेरी तबकडीवर आहे, तर दुसरे ‘सिड सिंग्ज’ या, त्याच्या मृत्यूनंतर निघालेल्या, प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या तबकडीवर. दोन्ही तबकड्या व्हर्जिन रेकॉर्ड्सने काढल्या, दोन्ही १९७९ मध्ये बाजारात आल्या, दोन्ही आल्या तेव्हा सिड हयात नव्हता, आणि चार गाण्यांची नावे दोन्हींवर सारखीच आहेत. एवढे साम्य असल्यावर वडाची साल पिंपळाला लागणे साहजिकच आहे. तरीही या तबकड्यांचा जन्म, त्यांच्यामागचा हेतू आणि त्यांतून ऐकू येणारा माणूस यांत मोठे अंतर आहे, आणि ते नीट मांडावे असे मला बरेच दिवस वाटत होते; कारण सिड गायक म्हणून कसा होता, या प्रश्नाचे उत्तर आपल्या हाती यांतली कोणती तबकडी आली यावर बदलते.

सिडचे मूळ नाव सायमन जॉन रिची. त्याचा जन्म लंडनमध्ये १० मे १९५७ रोजी झाला. फेब्रुवारी १९७७ मध्ये ग्लेन मॅटलॉकच्या जागी तो सेक्स पिस्टल्समध्ये बास गिटार वाजवायला आला, पण वादनात त्याला गती नव्हती. ‘नेव्हर माइंड द बोलॉक्स’ या त्यांच्या गाजलेल्या तबकडीवरचा बहुतेक बास पिस्टल्सच्या स्टीव्ह जोन्स या गिटारवादकानेच वाजवलेला आहे. १४ जानेवारी १९७८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहातला कार्यक्रम झाला आणि बँड फुटला. मुख्य गायक जॉनी रॉटन बाहेर पडला, आणि ज्याला वाजवता येत नाही म्हणून हिणवले जात होते तो सिड गाऊ लागला. या दोन तबकड्यांवरचे त्याचे गायन त्याच एका वर्षातले आहे.

‘स्विंडल’ ही पिस्टल्सचा व्यवस्थापक माल्कम मॅक्लॅरेन याच्या डोक्यातून निघालेली गोष्ट. बँड म्हणजे संगीत कंपन्यांना गंडवण्यासाठी आपण रचलेला डाव होता, असे सांगणारा चित्रपट त्याला काढायचा होता आणि त्यासाठी ही तबकडी तयार होत होती. चित्रपटाचे दिग्दर्शन जूलियन टेंपलने केले आणि तो १९८० मध्ये पडद्यावर आला. तबकडी त्याआधीच, फेब्रुवारी १९७९ च्या अखेरीस निघाली. तिच्यावर सिड एकटा नाही. रेल्वे दरोड्यातला फरारी गुन्हेगार रॉनी बिग्ज आहे, स्वतः मॅक्लॅरेन आहे, एडवर्ड ट्यूडर-पोल आहे, पिस्टल्सच्या गाण्यांची डिस्को जोडमाळ आहे आणि वाद्यवृंदाने वाजवलेली त्यांची चालही आहे. एखाद्या जत्रेत शिरल्यासारखे वाटते. या जत्रेत सिडच्या वाट्याला तीन गाणी आली: ‘माय वे’, ‘समथिंग एल्स’ आणि ‘कमॉन एव्हरीबडी’. तिन्ही दुसऱ्यांची गाणी, ज्यांना तिकडे कव्हर म्हणतात, आणि तिन्ही स्टुडिओत रचून, सावरून, वरून थर चढवून तयार केलेली.

‘सिड सिंग्ज’चा उगम याहून कितीतरी साधा आहे. १५ ऑगस्ट १९७८ रोजी लंडनच्या इलेक्ट्रिक बॉलरूममध्ये मॅटलॉक, स्टीव्ह न्यू आणि रॅट स्केबीज यांना घेऊन सिडने एक कार्यक्रम केला आणि मग तो मैत्रीण नॅन्सी स्पंजेन हिच्यासह न्यूयॉर्कला गेला. तिथे नॅन्सीच त्याचे कार्यक्रम ठरवू लागली. सप्टेंबरमध्ये पार्क ॲव्हेन्यू साउथवरच्या ‘मॅक्सेस कॅन्सस सिटी’ या क्लबमध्ये त्याचे काही कार्यक्रम झाले. ‘सिड सिंग्ज’चा मुख्य ऐवज तिथला आहे. मागे वाजवायला जेरी नोलन ड्रमवर, आर्थर केन बासवर आणि स्टीव्ह डिऑर गिटारवर होते, आणि क्लॅश या ब्रिटिश पंक बँडचा मिक जोन्सही एकदा गिटार घेऊन त्यांना सामील झाला. तबकडी काढायची म्हणून हे कार्यक्रम झालेले नव्हते. पोटापाण्यासाठी आणि व्यसनाच्या खर्चासाठी झालेल्या रात्री होत्या त्या. त्यांच्या फिती नंतर उपयोगी पडल्या.

‘मरणोत्तर’ हा शब्द दोन्ही तबकड्यांना लागू होतो, पण सारख्या अर्थाने नाही. नॅन्सी १२ ऑक्टोबर १९७८ रोजी चेल्सी हॉटेलच्या शंभर क्रमांकाच्या खोलीत मृतावस्थेत सापडली. तिच्या खुनाचा आरोप सिडवर ठेवला गेला. जामिनावर सुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २ फेब्रुवारी १९७९ रोजी, हेरॉइनच्या अतिसेवनाने तो वारला. तेव्हा त्याचे वय २१ वर्षे होते. खटला कधी उभाच राहिला नाही. ‘स्विंडल’चे काम या साऱ्याच्या आधीपासून चालू होते; तिच्यातले ‘माय वे’ तर १९७८ च्या उन्हाळ्यातच सुटी तबकडी म्हणून निघून ब्रिटनच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचले होते, आणि ते यश सिडने डोळ्यांनी पाहिले होते. म्हणजे ही तबकडी मरणोत्तर ठरली ती केवळ तारखांमुळे. सिड जगता तरी ती निघालीच असती. ‘सिड सिंग्ज’ डिसेंबर १९७९ मध्ये आली, ती मात्र तो गेला म्हणूनच आली. ती काढावी की नाही, तिच्यावर कोणती गाणी घ्यावीत, कोणत्या रात्रीचे काय निवडावे, यांतले काहीही त्याला विचारता येणार नव्हते.

आता ‘माय वे’कडे वळतो. या गाण्याची चाल मुळात फ्रेंच, क्लोद फ्रान्स्वाच्या १९६७ मधल्या गाण्याची. पॉल अँका याने तिच्यावर इंग्रजी शब्द बसवले आणि फ्रँक सिनात्राने डिसेंबर १९६८ मध्ये ते गाऊन अजरामर केले. आयुष्याच्या सांजवेळी मागे वळून पाहणाऱ्या माणसाचे ते गाणे आहे. ते विशीतल्या मुलाच्या तोंडी घालणे हीच त्यातली खोच. ‘स्विंडल’वरच्या ध्वनिमुद्रणात सुरुवातीला तंतुवाद्ये संथ वाजतात. ती सजावट सायमन जेफ्स या जाणत्या संगीतकाराने केलेली आहे. त्यांच्यावर सिडचा आवाज मुद्दाम थरथरत, स्वर वेडावाकडा ताणत, एखाद्या बुजुर्ग गायकाची नक्कल केल्यासारखा येतो. पहिले कडवे असे रेंगाळते आणि मग ड्रम आणि गिटार एकदम कोसळतात, लय दुपटीने धावू लागते, नक्कल गळून पडते आणि उरतो तो निव्वळ उन्मत्त, हसरा, चिडका आवाज. शब्दही त्याने आपल्या मर्जीने बदलले, मधे शिव्या घातल्या. चित्रपटात पांढरा कोट घातलेला सिड दिव्यांच्या जिन्यावरून उतरतो, गातो आणि शेवटी समोरच्या प्रेक्षकांवर पिस्तूल झाडतो. हे सारे नीट आखलेले नाटक आहे. माझ्या मते पंक संगीताने दुसऱ्याच्या गाण्याचे जे काही केले, त्यात इतके नेमके साधलेले दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

‘सिड सिंग्ज’वरच्या ‘माय वे’त तंतुवाद्ये नाहीत, म्हणून ते संथातून वेगात जाण्याचे नाट्यही तसे उभे राहत नाही. गिटार, बास, ड्रम आणि उघडा पडलेला गळा, एवढेच. कानाला हेडफोन लावून ही दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकली, की पहिल्यात ज्याला आपण सिडची हुकमत समजत होतो तिच्यात किती जणांचे हात होते ते कळते. स्टुडिओत ओळ फसली तर पुन्हा गाता येते. क्लबमध्ये फसलेली ओळ तशीच राहते, आणि समोरची माणसे बोलत असतात ते सुद्धा फितीवर उतरते. हे ध्वनिमुद्रण कमअस्सल आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. ते जास्त एकाकी आहे.

‘समथिंग एल्स’चेही तसेच. हे गाणे एडी कॉक्रनने १९५९ मध्ये गायले. ‘स्विंडल’साठी सिडने ते स्टीव्ह जोन्स आणि पिस्टल्सचा ड्रमवादक पॉल कुक यांच्या भक्कम साथीवर गायले आहे. सिड गेल्यानंतर त्याच महिन्यात ते सुटे निघाले आणि ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेले. पाठोपाठ कॉक्रनचेच ‘कमॉन एव्हरीबडी’ निघाले, तेही तिसऱ्या क्रमांकावर. कॉक्रन १९६० मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना मोटार अपघातात गेला, तोही २१ वर्षांचाच होता. हे कळल्यापासून ही दोन गाणी मला पूर्वीसारखी ऐकता आलेली नाहीत. ‘सिड सिंग्ज’वर यांपैकी फक्त ‘समथिंग एल्स’ आहे आणि तेही घाईत, कडा न घासता आलेले.

उरलेल्या दोन समान नावांत तर गल्लतीला आणखी वाव आहे, कारण तिथे गायकच बदलतो. ‘स्टेपिंग स्टोन’ हे बॉइस आणि हार्ट यांचे, मंकीज या बँडमुळे घरोघरी पोहोचलेले गाणे. ‘स्विंडल’वर ते जॉनी रॉटनच्या आवाजात आहे, आणि तो आवाज सिड बँडमध्ये येण्याआधीचा, १९७६ मधला आहे, त्याच्याभोवतीची वाद्ये जोन्स-कुक यांनी नंतर पुन्हा वाजवली. ‘सिड सिंग्ज’वर तेच गाणे सिड गातो. ‘बेल्सन वॉज अ गॅस’ हे त्याहून मासलेवाईक उदाहरण. हे कव्हर नव्हे. पिस्टल्सच्या आधी सिड ज्या मंडळींत वावरत होता तिथून त्याने बरोबर आणलेले गाणे आहे. ‘स्विंडल’वर ते विंटरलँडच्या कार्यक्रमातून घेतलेले आहे, म्हणजे तिथे रॉटन गातो आणि सिड बास गळ्यात अडकवून बाजूला उभा आहे. शिवाय बिग्जने गायलेले दुसरे रूपही त्याच तबकडीवर आहे. ‘सिड सिंग्ज’वर गाणारा सिड. ज्या नाझी छळछावणीत हजारो माणसे मेली तिच्यावरचा हा विनोद तेव्हाही ओंगळ होता आणि आजही आहे. धक्का देण्याच्या हौसेपायी पंकवाल्यांनी जे जे केले त्यातले हे मला कधीच सोसले नाही.

मात्र ‘सिड सिंग्ज’ची खरी श्रीमंती तिच्यावरच्या इतर गाण्यांत आहे, आणि त्यांचा ‘स्विंडल’शी काही संबंध नाही. ‘आय वॉना बी युअर डॉग’ आणि ‘सर्च अँड डिस्ट्रॉय’ ही इगी पॉपच्या स्टूजेसची गाणी, अनुक्रमे १९६९ आणि १९७३ मधली. ‘चॅटरबॉक्स’ न्यूयॉर्क डॉल्स या बँडचे, १९७४ मधले. ‘बॉर्न टू लूज’ आणि ‘चायनीज रॉक्स’ ही जॉनी थंडर्सच्या हार्टब्रेकर्सनी गाजवलेली. ही यादी कोणा व्यवस्थापकाने आखून दिलेली वाटत नाही. लंडनमधला एक मुलगा ज्या अमेरिकी तबकड्या ऐकत मोठा झाला, त्यांची ती वही आहे. त्यातही एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. नोलन आणि केन हे दोघे स्वतः न्यूयॉर्क डॉल्समध्ये होते, आणि नोलन पुढे हार्टब्रेकर्समध्येही होता. म्हणजे ‘चॅटरबॉक्स’ वाजते तेव्हा मूळ तबकडीवरचेच दोन वादक आपलेच गाणे वाजवत असतात, आणि गायक मात्र परका असतो. सिडसाठी ते कव्हर होते, त्याच्या मागच्या या दोघांसाठी नव्हते. ज्यांच्या तबकड्या जपून ऐकल्या त्यांनीच पाठीशी उभे राहावे, हे भाग्य थोड्यांच्या वाट्याला येते. ते पेलण्याची ताकद त्या सप्टेंबरात त्याच्या अंगात उरलेली नव्हती.

‘चायनीज रॉक्स’ ऐकताना हे फार जाणवते. मुख्यतः रमोन्स या न्यूयॉर्कच्या पंक बँडमधल्या डी डी रमोनच्या लेखणीतून उतरलेले हे गाणे हेरॉइनवर आहे: व्यसनापायी चीजवस्तू गहाण पडल्या आहेत, घराची दशा झाली आहे, आणि तरीही त्याच गोष्टीची ओढ सुटत नाही. हे गाणारा माणूस पाच महिन्यांच्या आत त्याच विषाने गेला. इथे नाटक नाही, पांढरा कोट नाही, वरून कोसळणारी गिटारही नाही.

ध्वनिमुद्रणाच्या दर्जाबद्दल ‘सिड सिंग्ज’ची बाजू घेण्याचे कारण नाही. आवाज मळकट आहे, वाद्यांचा तोल ढळलेला आहे. याच क्लबमध्ये १९७० मध्ये व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडचा कार्यक्रम एका श्रोतीने साध्या कॅसेट रेकॉर्डरवर टिपला होता आणि त्याचीही पुढे तबकडी निघाली. तिच्यात तर पेय मागवणाऱ्या गिऱ्हाइकाचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. पण त्या रात्री समोर एक जमलेला बँड होता. ‘सिड सिंग्ज’मागे तसा तो नव्हता, आणि ब्रिटनच्या यादीत ती तिसाव्या क्रमांकावर थांबली, जिथे ‘स्विंडल’ने सातवा क्रमांक गाठला होता. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाण्याचा हा प्रकार, असे तिच्याबद्दल म्हटले गेले तर मी वाद घालणार नाही. त्याच कार्यक्रमांच्या फिती नंतर निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा विकल्या गेल्या, हे तर उघडच आहे. तरीही सिडचा स्वतःचा कल कुठे होता, हे सांगणारा पुरावा याच तबकडीत आहे, ‘स्विंडल’मध्ये नाही.

गोंधळात भर टाकणारे तिसरे ध्वनिमुद्रणही आहे. ॲलेक्स कॉक्सच्या १९८६ मधल्या ‘सिड अँड नॅन्सी’ या चित्रपटात सिडची भूमिका करणाऱ्या गॅरी ओल्डमनने ‘माय वे’ स्वतःच्या गळ्याने गायले आहे, आणि ते अनेकदा सिडचे म्हणून फिरते. स्कोर्सेसीच्या ‘गुडफेलाज’च्या शेवटी वाजते ते मात्र खऱ्या सिडचे, ‘स्विंडल’वरचे. ओळखायला पहिले कडवे पुरे. व्हायोलिनचा संथ पडदा आणि त्यावर थरथरणारी नक्कल असेल, आवाज सिडचाच असेल, तर ते १९७८ मधले स्टुडिओतले गाणे. तंतुवाद्यांचा मागमूस नसेल, खोलीचा घुमारा आणि माणसांची चाहूल असेल, तर ते ‘सिड सिंग्ज’वरचे, आणि ते लागलेच असेल, तर तिथेच न थांबता त्याच तबकडीवरचे ‘चॅटरबॉक्स’ही ऐकावे, नोलनच्या ड्रमकडे कान देऊन.