शेगडी आणि धुराडं: गोठणाऱ्या तळ्यात हीटर टाकायचा की डी-आयसर?

नोव्हेंबर उजाडला की न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. घरामागच्या तळ्यात गोल्डफिश आहेत, रात्री उणे 10 अंशांपर्यंत जाणार, तर हीटर कितीचा घ्यायचा? त्यावर कुणीतरी म्हणतं, "हीटर नको, डी-आयसर घ्या." मग पुढचा प्रश्न, "म्हणजे तेच ना?"

तेच नाही. घोटाळा होणं मात्र साहजिक आहे. दोन्हींना वायर असते, दोन्ही पाण्यात टाकायचे आणि दोन्ही गरम होतात. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात. त्यात आपल्या डोक्यात पुण्या-मुंबईची सवय बसलेली. तिकडे डिसेंबरात काचेच्या टाकीत एंजल किंवा फायटर असेल तर हीटर लावतात आणि मासा खूश राहतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याच्या बातम्या येतात, पण तलाव काही गोठत नाही. पाण्यावर झाकण बसणं म्हणजे काय, हे तिथे कधी बघावंच लागत नाही.

डी-आयसर म्हणजे तळ्यावरच्या बर्फात एक भोक उघडं ठेवणारं उपकरण. फरक घरातल्या भाषेत सांगायचा तर हीटर ही शेगडी आहे आणि डी-आयसर हे धुराडं. शेगडी खोली गरम करते. धुराडं कुणाला ऊब देत नाही, आतला धूर बाहेर सोडतं. हिवाळ्यात तळ्यातल्या गोल्डफिशला शेगडीची गरज नसते. धुराडं नसलं तर मात्र तो मरू शकतो.

गरज का नसते, तर पाण्याच्या एका विचित्र स्वभावामुळे. पाणी सर्वांत जड असतं ते सुमारे 4 अंशांना. त्याहून थंड झालं की ते हलकं होऊन वर येतं आणि तिथेच गोठतं. दुधावर साय धरावी तसा बर्फ वर धरतो आणि खालच्या पाण्यावर पांघरूण घातल्यासारखा राहतो. तळ पुरेसा खोल असेल, निदान 60 ते 90 सेंटिमीटर, तर तिथे 4 अंशांच्या आसपासचं पाणी टिकतं. साधा किंवा कॉमेट जातीचा गोल्डफिश तिथे जाऊन जवळजवळ न हलता बसतो. त्याचं सगळं शरीर मंद चालतं. तो कुडकुडत नाही. थंड रक्ताचा प्राणी आहे, आपल्यासारखी अंगात ऊब धरून ठेवायची धडपड त्याला करावीच लागत नाही.

मग मरतो कशाने? झाकणामुळे. ऑक्टोबरात पडलेली मेपलची पानं तळाशी कुजत असतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, गाळ फार असेल तर हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायूही. वर पूर्ण बर्फ बसला की हे वायू आतच कोंडतात आणि ऑक्सिजन आत येत नाही. ऑक्सिजनविना गोल्डफिश काही काळ निभावतो, आणि कसं ते ऐकण्यासारखं आहे. प्राणवायू संपला की अंगात साठणाऱ्या लॅक्टिक आम्लाचं तो अल्कोहोल करतो आणि ते कल्ल्यांवाटे बाहेर सोडून देतो. हे 1980 मध्ये उजेडात आलं. त्याचा भाऊबंद क्रूशियन कार्प तर याच युक्तीवर बर्फाखाली महिनोन्‌महिने काढतो. पण ही युक्ती हवा नसण्यावरची आहे, विषारी हवेवरची नाही.

आता गंमत बघा. 300 वॅटचा हीटर आणि 300 वॅटचा डी-आयसर, वीज तितकीच खातात. पण अडीच मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि 80 सेंटिमीटर खोल तळ्यात 3,000 लिटर पाणी असतं. ते 1 अंशाने तापवायला साधारण साडेतीन युनिट वीज लागते. 300 वॅटचा हीटर दिवसभरात देतो 7.2 युनिट. म्हणजे थेंबभर उष्णता बाहेर गेली नाही असं धरलं तरी दिवसाला 2 अंश. उघड्या तळ्यावरून थंड वारा त्याहून जास्त उष्णता ओढून नेतो. हीटर रात्रंदिवस जळतो, बिल वाढतं आणि तळं होतं तसंच राहतं. डी-आयसर तीच उष्णता तळ्यात उधळत नाही, स्वतःभोवतीच्या थाळीएवढ्या जागेत वापरतो. बहुतेक डी-आयसर पाण्यावर तरंगतात आणि त्यांचा थर्मोस्टॅट पाणी गोठायच्या बेताला आलं की चालू होतो. बाकी तळं खुशाल गोठू दे, एवढं भोक उघडं राहिलं की काम झालं.

समजा पैशाची पर्वा नाही आणि कुणी मोठा हीटर लावून तळं 12-13 अंशांवर ठेवलं. मला हा सर्वांत वाईट पर्याय वाटतो. मासा धड झोपेत नाही, धड जागा नाही. तो वर येऊन खायला मागतो, आपण घालतो, आणि एका हिमवादळात वीज गेली की दोन दिवसांत पाणी पुन्हा 4 अंशांवर. पोटातलं अन्न तसंच पडून राहतं. म्हणूनच पाणी 10 अंशांखाली गेलं की खाणं बंद करायचं. आपल्या घरात हे पटवणं सर्वांत कठीण. मुक्या जिवाला चार महिने उपाशी ठेवायचं? हो, ठेवायचं.

गुरांच्या पाण्याच्या टाक्यांसाठी 1,000-1,500 वॅटचे डी-आयसर मिळतात. छोट्या तळ्याला ते नकोत. 1,500 वॅटचा सतत चालला तर दिवसाला 36 युनिट होतात. प्लास्टिकचं अस्तर असेल तर ते जळणार नाही असा जाळीचा किंवा तरंगता प्रकार घ्या आणि जोडणी जीएफसीआय आउटलेटलाच (वीज पाण्यात झिरपली की आपोआप बंद होणाऱ्या) करा. माझ्या पहिल्या हिवाळ्यात दुकानदाराने मला काचेच्या नळीचा टाकीतला हीटर गळ्यात मारला होता. जानेवारीत तो तडकलेला सापडला. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायची बुद्धी झाली, एवढंच नशीब.

हवेच्या पंपाचं काय? तो बुडबुड्यांनी भोक उघडं ठेवतो आणि वीज फारच कमी खातो, पण कडाक्याच्या थंडीत त्याच्या भोकावरही बर्फ घुमटासारखा चढतो. दोन्ही असतील तर उत्तम. फक्त पंपाचा बुडबुडे सोडणारा दगड तळाशी ठेवू नका, कमी खोलीच्या पायरीवर ठेवा. नाहीतर तळाचं 4 अंशांचं पाणी ढवळून वर येतं आणि मासे आपली जागा गमावतात. धबधब्याचा पंप याच कारणाने बंद ठेवायचा.

हीटरला जागा आहे ती घरात. ओरांडा, रांचू, बबल-आय असले गोल पोटाचे, नाजूक गोल्डफिश बर्फाखाली ठेवूच नयेत. पाणी 10 अंशांच्या खाली जायच्या आत त्यांना तळघरातल्या टाकीत आणा. तिथेही तापमान स्थिर असेल तर हीटर लागत नाही.

आणि एखाद्या सकाळी उठून पाहिलं तर भोक बंद झालेलं असेल, तर हातोडा घेऊन धावू नका. त्या ठोक्याचा दणका पाण्यातून थेट माशापर्यंत पोचतो. पातेल्यात उकळतं पाणी घ्या, पातेलं बर्फावर ठेवा आणि थांबा. पातेल्याला दोरी बांधलेली बरी. माझं एक अजून तळाशीच आहे.