बागेपासून बिलिंग काउंटरपर्यंत: विज्ञान पदवीधरांच्या फिरत्या उमेदवारीची पार्श्वभूमी

‘बी.एस्सी. होऊन मॉलमध्ये?’ हा प्रश्न कोकणातल्या घरांत हल्ली ऐकू येतो, आणि त्यात विचारणाऱ्याचे काही चुकत नाही. रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पदवी मिळवलेल्या मुलीला एखादी मोठी किरकोळ विक्री कंपनी वर्षभरासाठी शिकाऊ उमेदवार म्हणून घेते, पण एका टेबलाशी बसवत नाही. काही महिने माल उतरवून घेण्याच्या केंद्रावर, काही महिने गुणवत्ता प्रयोगशाळेत, मग लेबलांची छाननी, नव्या पदार्थांच्या चवचाचण्या, ग्राहकांच्या तक्रारी आणि मधे काही आठवडे प्रत्यक्ष दुकानात, असा तो फेरा असतो. घरच्यांना त्यातले दुकान तेवढे दिसते. विक्री कंपनीला मुळात विज्ञान पदवीधर कशाला लागतात आणि घेतले तर त्यांना असे गरागरा का फिरवतात, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

शिकाऊ उमेदवारी कोकणाला नवी नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानंतर सुरुवातीला ती फिटर, टर्नर, वायरमन अशा आयटीआयच्या पोरांची वाट होती. विज्ञान पदवीधरांसाठी दार उघडले ते रसायन कारखान्यांनी. अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट आणि लॅबोरेटरी असिस्टंट केमिकल प्लांट या दोन ट्रेड, म्हणजे बोलीतले ‘एओसीपी’ आणि ‘एलएसीपी’, रायगड-रत्नागिरीतल्या बी.एस्सी. झालेल्यांना तोंडपाठ. रसायनीची हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स १९६० मध्ये स्थापन झाली. अलिबागजवळ थळला आरसीएफचा (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा) खत कारखाना ८० च्या दशकात उभा राहिला. पुढे महाड आणि लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहती आल्या. ‘थळला अप्रेंटिस लागलाय’ एवढे वाक्य सोयरिकीच्या बोलण्यातही वजन धरून असे.

तिथला शिकाऊही विभागांतून फिरे, पण नळातून येणारा अमोनिया सोमवारी जसा असतो तसाच गुरुवारी असतो. तापमान, दाब, प्रवाह ठरलेले. नमुना काढला, तपासला की त्या टाकीचे बरेचसे कळले. बागेतल्या किंवा जेट्टीवरच्या मालाचे असे नसते. एका पेटीतले दोन आंबे एकाच झाडाचे असले तरी एकसारखे निघतीलच असे नाही, आणि आतून तपासायचा तर आंबा कापावा लागतो. कापलेला आंबा विकणार कोणाला?

हीच अडचण १९५९ मध्ये अमेरिकेत वेगळ्या कारणाने उभी राहिली. अंतराळवीरांसाठी खाद्यपदार्थ बनवायचे काम पिल्सबरी या पीठ-धान्याच्या कंपनीकडे आले. अन्नातून कुणी आजारी पडणार नाही याची खात्री शेवटच्या तपासणीतून द्यायची, तर एवढे नमुने फोडावे लागत की खायला थोडेच उरे. म्हणून पिल्सबरी, नासा आणि अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळा यांनी उलट विचार केला: कच्च्या मालापासून पॅकिंगपर्यंत धोका कुठे कुठे शिरू शकतो ते शोधायचे आणि त्या त्या जागीच तो अडवायचा. हॅसॅप नावाने जगभर गेलेली पद्धत ती हीच. फिरत्या उमेदवारीचे खरे मूळ मला इथे दिसते. दोष जिथे सापडतो तिथे तो झालेला नसतो, हे एकदा मान्य केले की फक्त प्रयोगशाळेत बसणारा माणूस अर्ध्या उपयोगाचा ठरतो.

विक्रेत्यांनी विज्ञानाला पगारावर ठेवण्याची सुरुवात त्याआधीच झाली होती. ब्रिटनमधल्या मार्क्स अँड स्पेन्सरने १९३० च्या दशकात कापड तपासायला स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि १९४८ मध्ये खाद्यतंत्रज्ञ नेमला. त्यामागे व्यवहार होता. माल दुसऱ्याने बनवलेला, पण त्यावर नाव दुकानाचे; रंग गेला किंवा पदार्थ आंबला की शिव्या दुकानालाच. बूट्स या औषध विक्रेत्याचे उदाहरण तर ‘दुकानात काय शिकणार?’ म्हणणाऱ्यांना आवर्जून सांगावे असे आहे. स्ट्युअर्ट अॅडम्स नावाचा सोळा वर्षांचा मुलगा १९३९ मध्ये शाळा सोडून बूट्सच्या दुकानात उमेदवारीला लागला. तिथून तो नॉटिंगहॅमला औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीकडे वळला, मग त्याच कंपनीच्या संशोधन विभागात गेला आणि सहकाऱ्यांसह आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक शोधून काढले. १९६९ मध्ये ते ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागले. आज आपल्या प्रत्येक मेडिकलमध्ये ते असते.

कायद्याने या प्रथेला बळ दिले. ब्रिटनच्या १९९० च्या अन्नसुरक्षा कायद्यात विक्रेत्याला सुटकेसाठी दाखवावे लागे की शक्य ती सगळी खबरदारी आपण घेतली होती. ‘मला पुरवठादाराने असेच दिले’ एवढ्यावर भागेना, मग बड्या दुकानांनी तंत्रज्ञांची फौजच उभी केली. आपल्याकडे १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्यात उत्पादकाची लेखी हमी दाखवली की विक्रेत्याला बचाव मिळू शकत असे. त्याची जागा घेणारा अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा; त्याचे मुख्य नियम ऑगस्ट २०११ मध्ये लागू झाले. त्यात उत्पादक, घाऊकवाला, वितरक, विक्रेता या प्रत्येकाची जबाबदारी वेगळी सांगितली आहे आणि बचावात ‘योग्य ती दक्षता घेतली’ हे सिद्ध करण्याचा मार्गही आहे. दक्षता सिद्ध करायची म्हणजे नोंदी लागतात, आणि त्या नोंदी कळणारी माणसे.

कोकणाला हा धडा कायद्याच्या पुस्तकातून मिळण्याआधी समुद्रावरून मिळाला. १ ऑगस्ट १९९७ ला युरोपीय संघाने स्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळीची आयात थांबवली आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेने मासळीवर प्रक्रिया करणाऱ्यांना हॅसॅप सक्तीचे केले. बंदी पुढे उठली, पण तोवर प्रक्रिया कारखान्यांत क्लोरीनचे पाणी, बर्फाचा दर्जा, हातमोजे आणि तापमानाचे तक्ते आले होते. मत्स्यशास्त्राच्या पदवीधरांना, त्यात रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातले आलेच, ‘क्वालिटी’ नावाच्या खात्यात कामे मिळू लागली. बांगड्याचेच बघा. पकडल्यावर बर्फ कमी पडला की जिवाणू त्यातल्या हिस्टिडीन या अमिनो आम्लापासून हिस्टामाइन हे पित्त उठवणारे रसायन करतात, आणि ते एकदा तयार झाले की कालवण कितीही उकळा, जात नाही. म्हणजे चूक होडीवर किंवा मिरकरवाडा-हर्णैच्या बंदरावर, आणि अंगावर पित्त उठते शहरातल्या गिऱ्हाइकाच्या.

आंब्याची कथा याहून लांब. फळमाशी आणि कोयकिड्याच्या भीतीने अमेरिकेचे दार आपल्या आंब्याला बरीच वर्षे बंद होते. २००७ मध्ये लासलगावच्या विकिरण केंद्रातून, म्हणजे किरणांनी कीड निष्प्रभ करून, गेलेल्या आंब्याने ते उघडले. १ मे २०१४ पासून युरोपने, ऐन हंगामात, फळमाशीमुळे भारतीय आंबा रोखला आणि २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठवली. बंदीच्या वर्षी मुंबईच्या बाजारात भाव पडल्याचे दुःख बागायतदार अजून काढतात. तरी मला निर्यातबंदीपेक्षा साक्याची गोष्ट जास्त बोलकी वाटते.

साका बाहेरून दिसत नाही. हापूस वरून पिवळाधमक, वास घमघमीत, आणि कापला की आत पांढरट, आंबट, स्पंजासारखा गर. जमिनीतून परावर्तित होणारी उष्णता, काढणीनंतर फळ उन्हात राहणे, फळ झाडावर जास्त तयार होणे, आतल्या कोयीतल्या रुजण्याशी जोडलेल्या घडामोडी अशी कारणे संशोधकांनी दाखवली आहेत. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले, आणि या दुखण्यावर तिथे बरेच काम झाले. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये काढलेला ‘रत्ना’ साक्यापासून मुक्त आहे. झाडाखाली आच्छादन करा, फळ चौदा आणे, म्हणजे जवळपास पूर्ण, तयार झाले की देठासह झेल्याने काढा, लगेच सावलीत न्या, ही शिफारसही याच अभ्यासातून आली. पाण्यात टाकलेला आंबा बुडला तर तयार, तरंगला तर कोवळा, ही ढोबळ परीक्षा त्यातलीच.

आता ही साखळी शिकाऊ उमेदवाराच्या वाट्याला आणून पाहा. तक्रार विभागातल्या पाळीत तिला ग्राहकाने पाठवलेला कापलेल्या आंब्याचा फोटो दिसतो. प्रयोगशाळेत तिने रिफ्रॅक्टोमीटरने त्याच खेपेची ब्रिक्स, म्हणजे रसातली गोडी, मोजलेली असते आणि ती ठीक होती. खरेदी केंद्रावर काढणीची तारीख आणि गाडीत लावलेल्या तापमान-नोंदकाची रेघ असते. पिकवण खोलीत इथिलीन हा फळ पिकवणारा वायू १०० पीपीएमच्या (दहा लाखांत शंभर भागांच्या) मर्यादेत होता का, की कुणी बंदी असलेल्या कार्बाइडची पुडी टाकली, हे पाहायला तिला तिथेही उभे राहावे लागते. या चार ठिकाणी चार वेगळी माणसे असतील तर प्रत्येकाचा कागद स्वच्छ असतो आणि साका मात्र होतच राहतो. एकच जोडी डोळे चारही ठिकाणी फिरले तर निदान प्रश्न नीट विचारता येतो. काजूचेही तसेच: गरात ओलावा ५ टक्क्यांच्या वर गेला की बुरशीला वाव, पण तो ओलावा वाळवणीत राहिला की पावसाळ्यात गोदामात शिरला, हे पाकिटावरून कळत नाही.

खरे तर फिरवून शिकवण्याची सवय कोकणातल्या कृषी पदवीधरांना आधीपासून आहे. शेवटच्या वर्षातला ग्रामीण कार्यानुभव, ज्याला सगळे ‘रावे’च म्हणतात, त्यात विद्यार्थी शेतकऱ्याच्या बागेत, कृषी विज्ञान केंद्रात आणि प्रक्रिया उद्योगात पाळीपाळीने राहतात. साध्या बी.एस्सी.वाल्यांकडे, रसायन कारखान्यांतल्या त्या दोन ट्रेड सोडल्या तर, असे काही नव्हते. त्यांची वाट मोकळी केली ती शिकाऊ उमेदवार कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीने. तिने अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांना या कायद्यात घेतले आणि ‘ऐच्छिक ट्रेड’ आणून मालकाला स्वतःचा अभ्यासक्रम ठरवण्याची मुभा दिली. २०१६ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रोत्साहन योजना आली. विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलू लागले. २०१९ च्या नियमांत पदवीधराचे किमान विद्यावेतन ९,००० रुपये झाले. दुकानांच्या साखळ्यांना हे सोयीचे पडले.

सोयीचे कोणाला जास्त, हा प्रश्न उरतो. माल कोकणचा, पण मोठ्या कंपन्यांची कोठारे आणि प्रयोगशाळा बहुधा घाटापलीकडे किंवा नवी मुंबईत. गुहागरची मुलगी किमान विद्यावेतनात वाशीला राहून खानावळीचे पैसे कसे भरणार? राज्याच्या कृषी पणन मंडळाची निर्यात सुविधा केंद्रे रत्नागिरी आणि देवगडजवळच्या जामसंड्याला आहेत, रत्नागिरीजवळच्या मिरजोळे एमआयडीसीत प्रक्रिया उद्योग आहेत. फेऱ्यातला निम्मा भाग घरापासून तासाभराच्या अंतरावर करता येण्यासारखा आहे. तसा आखला जाताना फारसा दिसत नाही.

आणि कराराचा मुद्दा. कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. करार नोंदवावा लागतो, विद्यावेतन द्यावे लागते; नंतर नोकरी देण्याचे बंधन कंपनीवर नाही. उमेदवाराला किती विभागांतून फिरवायचे, हे ऐच्छिक ट्रेडमध्ये मालकाच्या आराखड्यावर सोडलेले आहे. त्यामुळे दिवाळीच्या गर्दीत ‘जरा दोन आठवडे काउंटर सांभाळ’ म्हणून सुरू झालेली पाळी तीन महिने लांबली, तर दाद मागायला हातात तो आराखडाच असतो, तोही लेखी घेतला असेल तर. सही करण्याआधी विभाग, महिने आणि प्रयोगशाळेतला कालावधी कागदावर मागून घ्यावा. मॉलमध्ये जाण्याला घरच्यांचा विरोध असेल, तर तो कागद त्यांनाही दाखवावा.