बेकरी-रहस्यकथा

बेकरी-रहस्यकथा : कोझी मिस्टरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सौम्य रहस्यकथांची एक शाखा. छोटे गाव, तिथली बेकरी, ती चालवणारी बाई आणि ओळखीतल्याच कुणाचा तरी खून, एवढ्या भांडवलावर या कादंबऱ्या चालतात. खून बहुधा पडद्याआड होतो. रक्ताचे वर्णन एखाद्या ओळीत आटोपते, शृंगार चुंबनापुढे सरकत नाही, नायिकेच्या मांजराच्या केसालाही धक्का लागत नाही आणि शेवटच्या प्रकरणात गुन्हेगार हाती लागतोच. या शाखेची मुळे इंग्लंडमधली, पण ती फोफावली अमेरिकेत, विशेषतः २००० नंतर.

शेवट आधीच ठाऊक असताना वाचक एकाच मालिकेची वीस-वीस पुस्तके का वाचतात, या प्रश्नाला सहसा गोडधोड आणि साध्या गावाची ओढ असे उत्तर दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. पोलीस नसलेल्या माणसाने खुनाचा तपास करायचा म्हटले की लेखकापुढे काही अडचणी उभ्या राहतात. त्या सगळ्या एका फटक्यात सोडवणारी बेकरीसारखी जागा क्वचितच सापडते.

पूर्वपीठिका

दोन महायुद्धांमधली वीस वर्षे इंग्रजी रहस्यकथेचा सुवर्णकाळ मानली जातात. ॲगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल कादंबरीत पहिल्यांदा आली ती १९३० मध्ये. सेंट मेरी मीड या काल्पनिक खेड्यात राहणाऱ्या या अविवाहित वृद्धेकडे कसलाही हुद्दा नाही. आहे तो फावला वेळ आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या स्वभावाची पक्की पारख. नवा संशयित पाहिला की तिला गावातलाच कुणीतरी जुना आठवतो आणि तिथून ती गुन्ह्याचा माग काढते. पुढच्या सगळ्या बेकरीवाल्या नायिका तिच्याच नात्यातल्या. त्याच वर्षी लंडनमध्ये रहस्यकथाकारांचा डिटेक्शन क्लब स्थापन झाला. त्याच्या आदल्या वर्षी रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने रहस्यकथेचे दहा नियम मांडले होते. शोधकाला सापडलेला दुवा वाचकापासून लपवायचा नाही, हा त्यांतला एक नियम कोझी लेखिका आजही पाळतात, निदान पाळल्याचे दाखवतात.

अन्न आणि खून यांची सांगड घालणाऱ्या अमेरिकी मालिकांमध्ये व्हर्जिनिया रिच यांची १९८२ ची ‘द कुकिंग स्कूल मर्डर्स’ ही आरंभीची मानली जाते. स्वयंपाकात रमणारी विधवा मिसेस पॉटर ही तिची नायिका. दोन वर्षांनी दूरचित्रवाणीवर ‘मर्डर, शी रोट’ ही रहस्यमालिका सुरू झाली. १९९६ पर्यंत तिचे २६४ भाग झाले आणि तिच्यातले, मेन राज्यातले कॅबट कोव्ह हे काल्पनिक गाव घरोघरी माहीत झाले. १९८९ मध्ये वॉशिंग्टन परिसरात मॅलिस डोमेस्टिक हा वाचक-लेखकांचा मेळावा सुरू झाला. ख्रिस्तींच्या परंपरेतल्या, हिंसेचा आणि लैंगिकतेचा भडकपणा नसलेल्या कथांना तिथे ॲगाथा पुरस्कार दिले जातात.

मग १९९० मध्ये डायान मॉट डेव्हिडसन यांनी कोलोरॅडोच्या डोंगरातल्या एका गावात समारंभांना जेवण पुरवणारी गोल्डी उभी केली आणि २००० मध्ये जोॲन फ्लूक यांची ‘चॉकलेट चिप कुकी मर्डर’ आली. मिनेसोटातले लेक ईडन हे काल्पनिक गाव, हॅना स्वेन्सन ही तिशीच्या आसपासची अविवाहित बेकर आणि तिचे ‘द कुकी जार’ हे दुकान. या शाखेचा साचा आज जसा दिसतो तो मुख्यतः इथे बसला. २०१५ मध्ये हॉलमार्क वाहिनीने या मालिकेवर चित्रपट काढायला सुरुवात केली.

बेकरीच का

पोलीस अधिकाऱ्याने तपास का करावा, हे वाचकाला पटवावे लागत नाही. हौशी शोधकाबाबत ते पटवावे लागते, आणि तेही प्रत्येक पुस्तकात नव्याने. बेकरीत हे कारण आयते मिळते, कारण खुनाची झळ थेट गल्ल्याला बसते. डेव्हिडसन यांच्या पहिल्या कादंबरीत गोल्डीने दिलेल्या जेवणाच्या वेळी विषप्रयोग होतो आणि पोलीस तिचा धंदाच बंद करतात. घटस्फोटित, पदरी मूल, हातातले काम गेलेले : आता तिने खुनी शोधावा हे कुणालाही पटेल. फ्लूक यांच्या कादंबरीत दूध पोहोचवणारा माणूस हॅनाच्या दुकानामागे त्याच्या गाडीत मेलेला सापडतो आणि आसपास तिच्याच कुकीज विखुरलेल्या असतात. शिवाय तिच्या बहिणीचा नवरा शेरीफच्या खात्यात, बढतीची वाट पाहणारा. घराण्याचा स्वार्थ आणि दुकानाची अब्रू एकाच वेळी पणाला लागते.

दुसरी अडचण माहितीची. गावातले सगळे थर रोज एका छपराखाली येतील अशा जागा फार नसतात. दारूच्या गुत्त्यात शिक्षिका सहसा दिसत नाही, ग्रंथालयात मोठ्याने बोलायची सोय नसते, डॉक्टरला आणि वकिलाला गुप्तता पाळावी लागते. काउंटरमागच्या बाईवर असे कसलेच बंधन नाही. लोक पैसे देता देता बोलतात, रांगेत उभे राहून बोलतात, ती कॉफी ओतत असताना ती जणू तिथे नाहीच असे समजून बोलतात. त्यातून तिला प्रत्येकाची रोजची मागणी पाठ असते. रोज दोन मफिन नेणाऱ्या एकट्या माणसाने अचानक चार न्यायला सुरुवात केली, तर त्याच्याकडे कुणीतरी मुक्कामाला आहे हे तिला पोलिसांच्या आधी कळते.

वेळापत्रकही लेखकाच्या पथ्यावर पडते. भट्टी पहाटे पेटते. गाव झोपलेले असताना जाग असलेली ती एकटीच. कुणाच्या खिडकीत दिवा होता, कोणती गाडी कुणाच्या दारातून निघाली, हे तिला सहज दिसते आणि मागच्या गल्लीत कचरा टाकायला गेली की प्रेतही तिलाच सापडते. नंतर पीठ फुगायला ठेवले की तासभर करण्यासारखे काही उरत नाही. गप्पांना, तर्काला आणि धाकट्या बहिणीशी वाद घालायला हा तास उत्तम. दुपारी केकचा खोका हातात घेऊन निघाले की लग्नघरापासून चर्चच्या भोजनापर्यंत कुठेही मागच्या दाराने शिरता येते.

खरी बेकरी चालवणाऱ्यांना यातला किती वेळ मिळेल हा प्रश्नच आहे. उभे राहून करायचे कष्टाचे काम, तुटपुंजा नफा आणि दुपारी डोळ्यांवर येणारी झोप या गोष्टी कादंबऱ्यांत उल्लेखापुरत्या येतात. म्हणून जवळपास प्रत्येक मालिकेत एक कर्तबगार मदतनीस असते. हॅनाकडे ती लिसा. मालकीण संशयितांच्या मागावर असताना ऑर्डरी वेळेवर पोहोचतात त्या या दुय्यम पात्रामुळे, आणि तिच्या पगारवाढीची गोष्ट मात्र कुणी लिहीत नाही.

ही रचना गावावर अवलंबून आहे की बेकरीवर, हे पाहायला केरी ग्रीनवूड यांची कोरिना चॅपमन मालिका उपयोगी पडते. २००४ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेतली बेकरी मेलबर्नच्या ऐन मध्यवस्तीत आहे. कोरिना आधी हिशेबनीस होती, आता पहाटे चारला उठून पाव भाजते. पण लेखिकेने तिला रोमन धाटणीच्या एका जुन्या इमारतीत ठेवले आहे आणि तिथले रहिवासीच तिचे गाव होतात. महानगरातही आधी खेडे वसवावे लागले.

विष आणि विश्वास

अनोळखी हाताने मळलेले पीठ आपण न तपासता तोंडात घालतो. बेकरीचा धंदा या विश्वासावर चालतो आणि रहस्यकथा नेमके तिथेच बोट ठेवते. इतिहासात हा विश्वास खरोखर तुटल्याची उदाहरणे आहेत. जानेवारी १८५७ मध्ये हाँगकाँगच्या एसिंग बेकरीच्या पावात आर्सेनिक आढळले आणि शेकडो युरोपीय रहिवासी आजारी पडले. मात्रा इतकी जास्त होती की लोकांना लगेच उलट्या झाल्या आणि बहुतेक वाचले. बेकरीच्या मालकावर खटला चालला, पण तो निर्दोष सुटला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात पेपरमिंटच्या गोळ्यांत स्वस्त भेसळीची पूड म्हणून चुकून आर्सेनिक पडले. सुमारे २० माणसे दगावली. पांढरी, जवळजवळ बेचव पूड मैद्यात किंवा साखरेत ओळखू येत नाही, ही रहस्यकथाकारांची जुनी सोय अशी प्रत्यक्षातून आलेली आहे. सायनाइडचा कडू बदामासारखा वास बदामाच्या केकमध्ये लपतो, आणि काही माणसांना तो वास जन्मतःच येत नाही. ख्रिस्तींनी पहिल्या महायुद्धात औषधालयात काम केले होते, त्यामुळे विषांबाबत त्यांचा हात सहसा चुकत नसे.

या शाखेत विष नायिकेच्या केकमधून आल्यासारखे दिसते, पण दोष केकचा नसतो. एम. सी. बीटन यांनी १९९२ मध्ये याची मजेदार उलटापालट केली. त्यांची ॲगाथा रेझिन इंग्लंडच्या खेड्यात राहायला येते, पाककला स्पर्धेत स्वतःची म्हणून लंडनच्या दुकानातून विकत आणलेली कीश (अंड्यांचे सारण भरलेला खारा पदार्थ) मांडते आणि ती खाऊन परीक्षक मरतो. खुनाच्या संशयाइतकीच नामुष्की लबाडी उघडी पडल्याची.

गावाचे निष्पापपण

डब्ल्यू. एच. ऑडन हे कवी रहस्यकथांचे व्यसनी होते. १९४८ मधल्या ‘द गिल्टी व्हिकरेज’ या निबंधात त्यांनी म्हटले की खून जिथे घडतो ती जागा ईडनच्या बागेइतकी निष्पाप असेल, तितका तो खून जास्त विसंगत वाटतो. शोधक दोषी शोधून काढतो तेव्हा बाकीच्या सगळ्यांवरचे किटाळ जाते आणि बाग पुन्हा बाग होते. फ्लूक यांच्या गावाचे नाव लेक ईडन असणे हा योगायोग असो वा नसो, ऑडनच्या सूत्राला ते चपखल बसते. हिंस्र शहरी कादंबरीत एक खुनी पकडला तरी शहर तसेच राहते. इथे एका माणसाला काढले की गाव स्वच्छ. वाचकाला मिळणारा दिलासा मुख्यतः या हिशेबातून येतो.

बेकरी या हिशेबाला मोजपट्टी पुरवते. खुनानंतर दुकान ओस पडते, ऑर्डरी रद्द होतात, जुनी गिऱ्हाइके रस्ता ओलांडून पलीकडून जातात. शेवटी दारात पुन्हा रांग लागते. समाज सावरला की नाही, हे सांगायला लेखिकेला भाष्य करावे लागत नाही. दुःखाचे काय, हा प्रश्न मात्र इथे टाळला जातो. म्हणून तर बळी बहुधा कुणालाच न आवडणारा असतो : जमिनीवर डोळा ठेवून आलेला बिल्डर, कुचकट समीक्षक, पाककृती चोरणारा प्रतिस्पर्धी. त्याच्यासाठी रडायला फारसे कुणी नसते आणि संशयितांची यादी आपोआप लांबते.

पाककृती

प्रकरणांच्या मध्ये किंवा पुस्तकाच्या शेवटी पाककृती छापणे हा आता जवळजवळ नियम झाला आहे. फ्लूक त्या कथेच्या ओघातच देतात. यातून विक्री वाढते हे उघड आहे. शीर्षकातच पदार्थाचे नाव असल्याने मालिका ओळखायलाही सोपी जाते. पण पाककृतीचे एक वाङ्मयीन कामही आहे. कादंबरीतले गाव, खून, माणसे सगळी काल्पनिक, आणि मध्येच लोण्याचे प्रमाण आणि भट्टीचे तापमान मात्र खरे. वाचकाला पडताळून पाहता येईल अशी पुस्तकातली ही एकमेव गोष्ट. ती बरोबर निघाली की बाकीच्या भानगडींवरही थोडा जास्त विश्वास बसतो. करून पाहणारे किती आणि नुसते वाचून सुखावणारे किती, हा भाग वेगळा.

आक्षेप आणि बदल

सर्वांत जुना आक्षेप अमेरिकी रहस्यकथाकार रेमंड चँडलर यांचा. १९४४ च्या निबंधात त्यांनी सभ्य घरांतल्या कोडेवजा खुनांची टर उडवली आणि खून कारणासाठी करणाऱ्या माणसांच्या हाती परत देणाऱ्या डॅशिएल हॅमेट यांची बाजू घेतली. कॉलिन वॉटसन यांनी १९७१ मध्ये ख्रिस्तींच्या धर्तीच्या गावाला ‘मेहेम पार्व्हा’ असे खवचट नाव दिले (मेहेम म्हणजे रक्तपाती धुमाकूळ, आणि पार्व्हा हा इंग्लिश खेड्यांच्या नावांत येणारा ‘लहान’ या अर्थाचा लॅटिन शब्द). लोकसंख्येचा विनोद तर सर्वश्रुत आहे : एवढ्याशा कॅबट कोव्हमध्ये इतके खून, तरी तिथली घरे कुणी विकत नाही. हा विनोद दीर्घ मालिकांना लागू पडतो, पण वाचकांना तो माहीत असतो आणि त्यांना त्याची फिकीर नसते.

अधिक गंभीर आक्षेप असा की या गावांत बराच काळ एकाच वंशाची, एकाच धर्माची माणसे राहत होती आणि पोलीस सदैव भले, नायिकेच्या प्रेमात पडण्याजोगे होते. अलीकडे यात फरक पडला आहे. मिया पी. मनानसाला यांच्या २०२१ च्या ‘आर्सेनिक अँड अडोबो’ या कादंबरीला पहिल्या कादंबरीसाठीचा ॲगाथा पुरस्कार मिळाला. इलिनॉयमधल्या एका काल्पनिक गावात मावशीच्या फिलिपिनो खानावळीत बेकिंग करणारी लायला ही तिची नायिका. मिस मार्पलचे काम इथे एप्रिल, मे आणि जून अशा नावांच्या तीन भोचक बायका वाटून घेतात. नायिकेचा माजी प्रियकर खानावळीत जेवता जेवता मरतो, संशय थेट तिच्यावर येतो, आणि अशा वेळी तिला पोलीस अधिकाऱ्याच्या प्रेमाच्या आधी वकील लागतो. तो तिच्या जिवलग मैत्रिणीचा भाऊ आहे.