एशियाड आणि राष्ट्रकुल: अहमदाबादला २०३० मध्ये नेमकं काय आहे?

अहमदाबादला २०३० ची राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा मिळाली तेव्हापासून वडोदऱ्यातल्या आम्हा मराठी लोकांच्या बोलण्यात तिचं नाव सर्रास ‘एशियाड’, म्हणजे आशियाई क्रीडा स्पर्धा, असं येतं. त्या वर्षी एशियाडही आहे, पण ते कतारमधल्या दोह्याला. घोटाळा होणं साहजिक आहे. दोन्ही स्पर्धा चार वर्षांनी आणि हल्ली एकाच वर्षात येतात, आणि दोन्ही दिल्लीने भरवलेल्या आहेत: १९५१ आणि १९८२ ला एशियाड, २०१० ला राष्ट्रकुल. तरी त्यांची कुळं वेगळी आहेत, आणि पदकाची किंमत त्या कुळावरून ठरते.

राष्ट्रकुल स्पर्धा साम्राज्यातून आली. १९३० मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनला ती पहिल्यांदा भरली तेव्हा तिचं नावच ‘ब्रिटिश एम्पायर गेम्स’ होतं. भारत १९३४ मध्ये लंडनला प्रथम उतरला आणि कुस्तीत राशिद अन्वर यांनी कांस्य मिळवलं. पुढे साम्राज्य गेलं, नाव बदलत गेलं, पण येणारे बहुतेक देश तेच राहिले: एके काळी ब्रिटिशांच्या अमलाखाली असलेले. म्हणूनच ऑलिंपिकमध्ये एक होऊन खेळणारे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड इथे चार वेगळे संघ असतात.

एशियाडची प्रेरणा नेमकी उलटी. परक्यांच्या राज्यातून नुकत्याच सुटलेल्या देशांनी आपापसात खेळावं, ही कल्पना क्रीडा संघटक गुरुदत्त सोंधी यांनी लावून धरली आणि मार्च १९५१ मध्ये दिल्लीत ११ देश जमले. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, तिजोरीत पैसा नव्हता, तरी आपण हे करून दाखवलं, याचा मला आजही फार अभिमान वाटतो. सचिन नाग यांनी १०० मीटर पोहण्यात मिळवलेलं सुवर्ण हे भारताचं पहिलं एशियाड सुवर्ण.

आता पदकांकडे या. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये दिल्ली राष्ट्रकुलात भारताने ३८ सुवर्णांसह १०१ पदकं मिळवली आणि दुसरा क्रमांक पटकावला. महिन्याभराने चीनमधल्या ग्वांगझूला एशियाड झालं. तिथे १४ सुवर्णं, एकूण ६५ पदकं आणि सहावा क्रमांक. एका महिन्यात आपले खेळाडू ढेपाळले का? मुळीच नाही. ग्वांगझूला आपल्या पुढे होते चीन, दक्षिण कोरिया, जपान, इराण आणि कझाकस्तान, आणि यांपैकी एकही देश राष्ट्रकुलात नाही. कुस्तीत तर फरक डोळ्यांत भरतो: दिल्लीत १० सुवर्णं, ग्वांगझूत एकही नाही. प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिर या आखाड्याचा वारसा सांगणाऱ्या आमच्या वडोदऱ्याला कुस्तीतला इराण काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको.

म्हणून एशियाड कायमच अवघड, असा निष्कर्ष मात्र काढू नये. धावण्यात पारडं फिरतं, कारण केनिया, युगांडा, जमैका हे सगळे राष्ट्रकुलात आहेत. नाशिकची कविता राऊत दिल्लीत १०,००० मीटरमध्ये तिसरी आली, पुढे दोन्ही केनियाच्या. ग्वांगझूला त्याच शर्यतीत तिला रौप्य मिळालं आणि सुवर्णही भारताच्याच प्रीजा श्रीधरनला. बीडच्या अविनाश साबळेचं उदाहरण याहून बोलकं आहे. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीत, १९९८ पासून राष्ट्रकुलातली तिन्ही पदकं दर वेळी केनियाच नेत होता. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला अविनाशने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेऊन ती साखळी तोडली; सुवर्ण हुकलं ते ०.०५ सेकंदाने. पुढच्या वर्षी हांगझू एशियाडमध्ये तो ८ मिनिटं १९.५० सेकंदांत पहिला आला. म्हणजे त्याच्या रौप्याची वेळ सुवर्णाच्या वेळेपेक्षा आठ सेकंदांनी सरस आहे! माझ्या मते ते रौप्य त्याच्या कारकिर्दीतल्या सर्वांत मोठ्या पदकांपैकी एक आहे, आणि त्याचं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही.

खेळांची यादीही निराळी. कबड्डी १९९० पासून एशियाडमध्ये पदकासाठी आहे, राष्ट्रकुलात ती तशी कधीच खेळली गेलेली नाही. राष्ट्रकुलाची यादी यजमानाच्या ऐपतीप्रमाणे आखडतेही. खर्चाचं कारण देऊन ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२६ चं यजमानपद सोडलं, ग्लासगोने ते घेतलं आणि फक्त १० खेळ ठेवले. कुस्ती, हॉकी, बॅडमिंटन, नेमबाजी या आपल्या चारही खेळांना त्यात जागा मिळाली नाही.

वडोदऱ्याहून अहमदाबाद शंभर-सव्वाशे किलोमीटर. घरातल्या मुलांना २०३० मध्ये तिथे नेणार असाल तर लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या दिवशी न्या. केनिया आणि युगांडाच्या संघांसमोर आपली मुलं धावताना एशियाडमध्ये बघायला मिळणार नाहीत.