प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषांचा जनुकीय शोध (सातारा-सांगली परिसर)

प्रतिकारशक्ती घडवणाऱ्या एखाद्या जनुकात जन्मतःच बिघाड असेल, तर मूल वारंवार किंवा अतिशय गंभीर जंतुसंसर्गाने आजारी पडते. काही मुलांत संसर्गाच्या जोडीला किंवा त्याऐवजी शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते. अशा विकारांना प्रतिकारशक्तीचे जन्मजात दोष म्हणतात. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०२४ च्या यादीत असे ५०० हून अधिक दोष आहेत. एकेकटा दोष दुर्मीळ असला, तरी सगळे मिळून ते तितके दुर्मीळ नाहीत. निदानाविना दगावणारी मुले मात्र ‘न्यूमोनिया’ किंवा ‘जुलाब’ एवढ्याच नोंदीखाली जातात.

सातारा-सांगली भागात या शोधाला वेगळे महत्त्व आहे, कारण इथे नात्यातली लग्ने अजून होतात. मामाची मुलगी करण्याची रीत कृष्णाकाठापासून माणदेशापर्यंत आहे, आणि जतकडच्या कानडी मुलखात मामा-भाचीचे लग्नही आढळते. आतेभाऊ-मामेबहीण जोडप्याच्या मुलात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता १/१६ असते. मामा-भाचीच्या मुलात ती १/८ होते. दोन्ही प्रती बिघडल्यावरच दिसणारे, म्हणजे अप्रभावी आनुवंशिकतेचे आजार अशा घरांत अधिक सापडतात. नात्यातले लग्न नसले म्हणून मात्र शंका सोडून देऊ नये. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्ने होत आल्याने दूरचा समान पूर्वज निघू शकतो, आणि एक्स गुणसूत्रावरच्या, म्हणजे आईकडून मुलग्यांत उतरणाऱ्या दोषांचा तर नात्यातल्या लग्नाशी संबंधच नसतो.

कामाची सुरुवात घराण्याच्या आलेखापासून होते. किमान तीन पिढ्या काढाव्यात. ‘मुले किती?’ असे विचारले की हयात मुलेच सांगितली जातात. ‘बाळंतपणे किती झाली आणि त्यातली आज किती आहेत?’ असे विचारल्यावर तान्हेपणी गेलेली बाळे पुढे येतात. ‘पाहुण्यातच दिलंय’ या उत्तरावर थांबू नये, नेमके नाते आणि दोन्हीकडची गावे लिहावीत. आईच्या माहेराची चौकशी बहुतेक वेळा अपुरी राहते आणि निदान तिथेच दडलेले असते: लहानपणी गेलेले मामा किंवा मावशीचे दगावलेले मुलगे दिसले, की एक्स गुणसूत्रावरचा दोष आधी तपासावा. आजी सोबत आली असेल, तर ही माहिती तिच्याकडूनच घ्यावी.

पहिली चाचणी तालुक्याच्या दवाखान्यातही होते. साध्या रक्तगणनेत एकूण पांढऱ्या पेशी ७,००० आणि त्यांतल्या लिम्फोसाइट या प्रकारच्या पेशी २० टक्के असतील, तर लिम्फोसाइटची प्रत्यक्ष संख्या १,४०० होते. मोठ्या माणसात हा आकडा चालून जातो. तीन महिन्यांच्या बाळात ३,००० च्या खालची संख्या आली, तर एससीआयडी, अर्थात तीव्र संयुक्त प्रतिकारदोष, नाही ना हे तातडीने बघायला हवे. अहवालात टक्केवारी छापलेली असते, गुणाकार कोणी करत नाही, आणि आठवडे वाया जातात. इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी वाचतानाही वय पाहावे. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या रक्तातला आयजीजी (प्रतिपिंडांचा मुख्य प्रकार) मुख्यतः आईकडून आलेला असतो, त्यामुळे तो ठीक दिसला तरी दिलासा मानू नये. ऑग्डन ब्रुटन यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेला, बीटीके जनुकातील बिघाडामुळे प्रतिपिंडे न बनण्याचा आजार म्हणूनच सहसा सहा महिन्यांनंतर डोके वर काढतो. अशा मुलाच्या घशात टॉन्सिल जवळजवळ दिसत नाहीत. बॅटरी लावून पाहिले तरी हा दुवा हाती लागतो.

बीसीजीची खूणही महत्त्वाची. लस डाव्या दंडावर देतात आणि डाव्या काखेत छोटी गाठ निरोगी बाळालाही येऊ शकते. गाठ पिकून वाहत राहिली, इतरत्र गाठी आल्या, यकृत-प्लीहा वाढली किंवा हाडात दुखणे शिरले, तर एससीआयडी, सीजीडी (गिळलेले जंतू पेशींना मारता न येण्याचा दोष) आणि पेशींना जंतूंविरुद्ध चेतवणाऱ्या इंटरफेरॉन-गॅमा या प्रथिनाच्या साखळीतले दोष तपासावेत. नाळ तीन-चार आठवडे पडली नाही आणि पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असल्या, तर पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटता न येण्याचा दोष (एलएडी) मनात आणावा. त्याच्या दुसऱ्या प्रकारात मुलाचा रक्तगट बॉम्बे, म्हणजे ओ गटासारखा भासणारा दुर्मीळ गट, निघतो. बॉम्बे रक्तगट १९५२ मध्ये मुंबईत प्रथम नोंदवला गेला, आणि निरोगी माणसांत तो सहसा एफयूटी१ या वेगळ्याच जनुकामुळे असतो. तेव्हा केवळ रक्तगटावरून कोणावर आजाराचा शिक्का मारू नये.

यापुढची पायरी नमुन्याची. इथे होणाऱ्या चुका सर्वांत महाग पडतात, कारण अनेकदा मूल दुसऱ्या नमुन्यासाठी उरत नाही. डीएनएसाठी जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत २ ते ३ मिली रक्त घ्यावे आणि नळी पाच-सहा वेळा हळू उलटीपालटी करावी. ते फ्रिजमध्ये ४ अंशांवर काही दिवस टिकते. हेपॅरिनच्या नळीतले रक्त यासाठी टाळावे, हेपॅरिन पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेला अडथळा करते. उलट सीजीडी ओळखणाऱ्या डीएचआर चाचणीला हिरव्या झाकणाची हेपॅरिनची नळीच सहसा लागते. ती बर्फावर न ठेवता, शक्यतो २४ तासांत पोचवावी लागते, आणि सोबत त्याच वेळी घेतलेला, रक्ताचे नाते नसलेल्या निरोगी माणसाचा नमुना लागतो. हा जोडनमुना नसेल, तर पेशी आजारामुळे निकामी आहेत की प्रवासातल्या उन्हामुळे, हे सांगता येत नाही. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे आणि या दोषांच्या तपासण्या तिथे होतात. सांगली-मिरजेहून शनिवारी पाठवलेला डबा रविवारभर पडून राहतो. सोमवार ते बुधवार हेच पाठवण्याचे खरे दिवस.

रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन चढवण्याआधी नमुना घ्यावा. चढवलेल्या रक्तात दात्याच्या पांढऱ्या पेशी असतात, आणि चढवलेल्या आयजीजीमुळे खरी पातळी झाकली जाते. एससीआयडीच्या बाळात आणखी एक फसगत होते. गर्भात आलेल्या आईच्या टी-पेशी (लिम्फोसाइटचा एक प्रकार) बाळाच्या रक्तात तग धरतात, त्यामुळे टी-पेशींची संख्या शून्य न येता बऱ्यापैकी येते. म्हणून नुसती संख्या न पाहता त्यातल्या नव्या, अननुभवी पेशी किती, हे सीडी४५आरए या खुणेवरून मोजतात.

सीजीडीसाठीची डीएचआर चाचणी निदानाबरोबर जनुकाची दिशाही दाखवते. डीएचआर हे रंगद्रव्य घालून न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या) पेशी उत्तेजित केल्यावर निरोगी पेशी लखलखीत चमकतात. एक्स गुणसूत्रावरच्या सीवायबीबी जनुकाच्या दोषात त्या सहसा अजिबात चमकत नाहीत. एनसीएफ१ या दुसऱ्या जनुकाच्या दोषात आलेखाचा उंचवटा थोडासाच सरकतो आणि पसरट राहतो. आईच्या रक्तात चमकणाऱ्या आणि न चमकणाऱ्या पेशींचे दोन वेगळे उंचवटे दिसले, तर ती वाहक आहे हे तिथेच कळते.

मग एक्सोम वाचन. सुमारे २०,००० जनुकांचा प्रथिने घडवणारा भाग एकदम वाचला जातो. हा भाग संपूर्ण जनुकसंचाच्या एक-दोन टक्केच असतो. नात्यातल्या जोडप्याच्या मुलात दोन्ही प्रती हुबेहूब सारख्या असलेले लांब पट्टे आधी शोधतात, कारण दोषी जनुक बहुधा त्यातच असतो. पण एक्सोम कोरा आला म्हणजे आजार नाही असे नव्हे. एनसीएफ१ चेच पाहा. या जनुकाशेजारी जवळजवळ तसेच दिसणारे दोन निकामी जनुक आहेत, आणि नेहमीचा बिघाड, म्हणजे दुसऱ्या एक्सॉनच्या (जनुकातल्या प्रथिने घडवणाऱ्या तुकड्याच्या) सुरुवातीला गळलेली जीटी ही दोन अक्षरे, या गर्दीत यंत्राला ओळखता येत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी मुद्दाम मागावी लागते.

अहवालातला बदल पाच गटांपैकी एकात बसवतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. ‘अर्थ अनिश्चित’ बदलावर गर्भपात किंवा प्रत्यारोपणाचा निर्णय घेऊ नये. पाश्चात्त्य नोंदींत न दिसणारा बदल आपल्या भागातल्या एखाद्या समाजात सर्रास असू शकतो. इंडिजेन प्रकल्पातले १,०२९ आणि जीनोम इंडियातले सुमारे १०,००० भारतीयांचे वाचन या पडताळणीसाठी उपयोगी पडते. आई-वडिलांचे नमुने मुलाबरोबरच घ्यावेत, नाहीतर दोन बदल दोन वेगळ्या प्रतींवर आहेत की एकाच, हे ठरत नाही.

समुपदेशन घाईत उरकू नये. एक्स गुणसूत्रावरचा दोष निघाला की सासरी सगळा ठपका सुनेवर येतो. आई नेहमी वाहक असतेच असे नाही, काही मुलांत बदल नव्यानेच झालेला असतो. तिचा अहवाल आधी तिला एकटीला सांगावा, इतरांना काय सांगायचे ते तिला ठरवू द्यावे. तिच्या बहिणींनाही तपासणीची गरज असते, हे तिच्यामार्फतच पोचवणे बरे.

पुढच्या गरोदरपणात ११ ते १३ आठवड्यांत वारेचा अंश किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल तपासता येते, पण घरातला नेमका बदल आधी माहीत असेल तरच. वारेच्या नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या नाहीत ना, हेही बघावे लागते. लिंगनिदानबंदीच्या १९९४ च्या कायद्यानुसार हे काम नोंदणीकृत केंद्रातच होते. लिंगसंलग्न आजाराची तपासणी चालते, गर्भाचे लिंग सांगता येत नाही. तपासणी नको असेल, तर बाळंतपणाआधीच रुग्णालयाला लेखी कळवावे, कारण बीसीजी आणि तोंडावाटेचा पोलिओ डोस जन्मल्यावर लगेच दिला जातो. एससीआयडी नाही असा अहवाल येईपर्यंत या दोन्ही लसी आणि सहाव्या आठवड्याची रोटाव्हायरसची लस थांबवतात. रक्त देण्याची वेळ आलीच, तर ते किरणांनी प्रक्रिया केलेले (इर्रॅडिएटेड) आणि सीएमव्ही या विषाणूपासून मुक्त असावे.

उपचार जनुकावर ठरतात. बीटीके दोषात दर तीन-चार आठवड्यांनी किलोमागे ४०० ते ६०० मिलीग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते, म्हणजे १० किलोच्या मुलाला दरवेळी ४ ते ६ ग्रॅम, आणि तेही जन्मभर. एससीआयडीत अस्थिमज्जा-प्रत्यारोपण साडेतीन महिन्यांच्या आत, संसर्ग होण्यापूर्वी झाले तर यशाची शक्यता सर्वाधिक. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात प्रत्यारोपणाने बरे होणारे असे दोष पहिल्या गटात आहेत. नेमलेल्या केंद्रांतून ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते, आणि मुंबईचे केईएम त्यांपैकी एक आहे.

मूल निदानाआधीच गेले, तर शेवटच्या नळीतले उरलेले ईडीटीए रक्त पालकांच्या संमतीने जपावे. तेही नसेल, तर गाळणकागदावर वाळवलेला थेंब चालतो. काहीच उरले नसेल, तर आई-वडिलांचे एक्सोम वाचून दोघांत समान असलेला दोष आणि आईच्या एक्स गुणसूत्रावरचे बदल शोधावे लागतात.