मान, लज्जा व तारण

मान, लज्जा व तारण (पापापासून सुटका) : पापामुळे देवाचा मान डावलला जातो व माणूस लज्जित होतो, आणि ख्रिस्ताच्या मरण-पुनरुत्थानाने ही स्थिती पालटते, असे मानणारा ख्रिस्ती ईश्वरविद्येतील विचार. अपराध व शिक्षा यांच्या परिभाषेतील तारणविचारापासून तो वेगळा काढला जातो. बायबलच्या नव्या करारात मात्र दोन्ही एकत्र नांदतात. रोमन अमलात क्रूसावरील मरण मुख्यतः गुलाम व बंडखोरांच्या वाट्याला, तेही चारचौघांदेखत, येई. ती लज्जा ख्रिस्ताने तुच्छ मानली, असे इब्री लोकांस पत्रात (१२:२) म्हटले आहे.

या विचाराची शास्त्रशुद्ध मांडणी कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म (सु. १०३३–११०९) याने १०९८ च्या सुमारास केली. देवाला देय असलेला मान न देणे म्हणजे पाप. त्याची भरपाई माणसाने करावयाची, पण ती देवाखेरीज कोणाच्या आवाक्यातली नाही; म्हणून देव व मानव दोन्ही असलेला ख्रिस्तच ती करू शकतो. या कल्पनेचे मूळ वादग्रस्त आहे. काही जर्मन अभ्यासकांनी ते जर्मानिक कायद्यातील नुकसानभरपाईत शोधले, परंतु प्रायश्चित्ताच्या संदर्भातील भरपाईची संज्ञा आद्य लॅटिन ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन याच्या लेखनात (सु. २००) आधीच येत असल्याने हे मत फारसे टिकत नाही. सरंजामी धन्याच्या प्रतिष्ठेशी घातलेली सांगड अधिक संभाव्य दिसते. तथापि देवाच्या ठायी असलेल्या मानात भर वा घट होऊच शकत नाही, असे अँसेल्म स्वतः बजावतो, तेव्हा त्याला सृष्टीतील यथायोग्य क्रम अभिप्रेत असावा, हे मत ग्राह्य वाटते.

स्थानिक संदर्भात पाहता, बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे (प्रॉटेस्टंट धर्मप्रसारक संस्था) काम १८२० मध्ये सुरू झाले. तेथील रोमन कॅथलिक धर्मप्रांत १९५३ चा आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी भाषक पट्ट्यात हा विषय अँसेल्मपेक्षा उधळ्या पुत्राच्या, म्हणजे वाटा उधळून परतलेल्या मुलाला बाप स्वीकारतो त्या, दाखल्यावरून (लूक १५) समजण्यास सोपा जातो. वाळीत टाकलेल्याने दंड भरून व जातीला जेवण घालून परत पंगतीला बसावयाचे, ही जुनी रीत. (तत्कालीन मुंबई प्रांताचा, म्हणजे बेळगावलाही लागू असलेला, बहिष्कारबंदीचा १९४९ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्दबातल ठरविला.) दाखल्यात मात्र जेवण घालतो तो बाप, ज्याची अब्रू गेली तोच; आणि ‘मला मजुराप्रमाणे ठेवा’ हे मुलाने योजलेले वाक्य तोंडातून निघण्याआधीच झगा, अंगठी आणि पायतण मागविले जाते.

बाप्तिस्मा घेणाऱ्याला मात्र पुष्कळदा भावकीनेच तोडले. त्यामुळे विश्वास ठेवणारा लज्जित होणार नाही, या वचनाचा (रोमकरांस पत्र १०:११) रोख गेलेला मानपान परत मिळण्यापेक्षा मंडळीतील, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायातील, नव्या नात्याकडे अधिक मानला जातो.