"पूर्ण उतरू दे, मग लाव" हा नियम आला कुठून?

आमच्या घरात अजूनही कुणी चाळीस टक्क्यांवर फोन चार्जिंगला लावला की आई आतून ओरडते, "अगं अजून निम्मी आहे ना, पूर्ण उतरू दे की!" तिला हे सांगितलं होतं वीसेक वर्षांपूर्वी तालुक्याच्या मोबाईल शॉपीवाल्याने, आणि खरं सांगायचं तर त्याने थाप मारलेली नव्हती. तोवर त्याच्या काउंटरवरून गेलेल्या कितीतरी फोनसाठी ते बरोबर होतं. पुढे फोनमधली बॅटरी बदलली, सल्ला तोच राहिला, आणि तो सल्ला पाळून लोक आजही चांगल्या बॅटऱ्या स्वतःच्या हाताने लवकर म्हाताऱ्या करतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर मूळ गोष्ट निकेल-कॅडमियमची. ही बॅटरी स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ साली बनवली आणि नंतर रेडिओ, कॉर्डलेस फोन, सुरुवातीचे मोबाईल सगळीकडे ती चालली. तिची एक खोड होती, रोज तेवढीच वापरून परत तेवढीच भरली की काही काळाने त्या ठरलेल्या जागेपाशी व्होल्टेज घसरायचं आणि बॅटरी संपल्यासारखी वागायची. उपग्रहांवर हे स्पष्ट दिसलं, कारण तिथे वापर आणि चार्जिंग अगदी घड्याळाच्या काट्यावर चालायचं. याला मेमरी इफेक्ट म्हणतात आणि त्यावरचा उपाय म्हणजे अधूनमधून पूर्ण उतरवायची. नंतर आलेल्या निकेल-मेटल हायड्राइडमध्ये ही खोड कमी होती पण होतीच, आणि २००० साली आलेल्या नोकिया ३३१० सोबत बॅटरी यायची ती याच जातीची. नवीन फोन आधी सात-आठ तास, कुणी सांगेल बारा तास, चार्जिंगला ठेवायचा हा नियमसुद्धा इथलाच, कारण या बॅटऱ्या पडून पडून आपोआप उतरायच्या आणि हळू चार्जरवर पूर्ण भरायला खरंच तेवढा वेळ लागायचा.

आजच्या फोनमधल्या लिथियम बॅटरीचा जन्म एका तेल कंपनीत झाला हे मला फार भारी वाटतं. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले, तेव्हा एक्सॉनमध्ये स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम धातूची रिचार्ज होणारी बॅटरी बनवली, पण तो धातू भडकायचा. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांच्या गटाने कोबाल्ट ऑक्साइड शोधलं ज्यामुळे व्होल्टेज चारच्या आसपास गेलं, आणि १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी लिथियम धातू काढून टाकून त्या जागी कार्बन वापरला, म्हणजे लिथियमचे आयन नुसते इकडून तिकडे जा-ये करणार. १९९१ ला सोनीने ती बाजारात आणली. या तिघांना नोबेल मिळालं २०१९ ला, गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, एवढ्या वयात नोबेल घेणारे पहिलेच.

आता या बॅटरीला मेमरीची भानगड जवळपास नाहीच, पण तिचं दुखणं वेगळं. शंभर टक्के म्हणजे साधारण ४.२ व्होल्ट किंवा थोडं वर, आणि एवढ्या ताणात बॅटरी तासन्‌तास राहिली की आतलं द्रव्य हळूहळू कुजायला लागतं, कार्बनवरचा पातळ थर जाड होत जातो, त्यात लिथियम अडकून बसतं ते परत कामाला येत नाही. उष्णता असेल तर हे सगळं आणखी जोरात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्या उन्हात बाईकच्या हँडलला फोन अडकवून, मॅप चालू ठेवून, वरून पॉवरबँक लावलेली डिलिव्हरीची पोरं दिसतात तेव्हा मला त्यांच्या बॅटरीची खरंच काळजी वाटते, त्यांची सगळी रोजी त्या फोनवर आहे. शून्यापर्यंत उतरवणंही तिला मानवत नाही, फोन त्याआधी स्वतःच बंद होतो म्हणून बरं, पण तसाच बंद फोन महिनोन्‌महिने कपाटात टाकला की तो परत उठेलच असं नाही.

गंमत म्हणजे आपल्याकडे चांगली सवय लोकांना लागली होती, तीही लोडशेडिंगमुळे. नोकिया ११०० आला २००३ ला, टॉर्चवाला, आणि त्यात बीएल-५सी ही लिथियम-आयन बॅटरी होती. गावात लाईट कधी जाईल नेम नाही, म्हणून जेव्हा लाईट असेल तेव्हा अर्धा तास लावा, काढा, परत संध्याकाळी लावा असं चालायचं, आणि लिथियमला हेच आवडतं. अर्धं-अर्धं दोनदा भरलं तर सायकल, म्हणजे एक पूर्ण चार्ज, एकच मोजली जाते, उलट उथळ वापरात ती जास्त टिकते.

रात्रभर चार्जिंगची भीती आली ती साधारण याच काळात. बॅटरी फोनमधून काढून चिमट्यात अडकवायचे ते स्वस्त युनिव्हर्सल चार्जर होते, बऱ्याच चार्जरांत बॅटरी भरल्यावर करंट तोडणारा नीट कटऑफच नसायचा, मग बॅटरी फुगायची, आणि फुगली का ते बघायला आम्ही ती टेबलावर ठेवून बोटाने गरकन फिरवायचो, फिरली म्हणजे गेली. त्यात ऑगस्ट २००७ मध्ये नोकियानेच जाहीर केलं की जपानच्या मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंगमध्ये जास्त तापू शकतात, त्यामुळे भीती आणखीच पक्की झाली. आजचा फोन भरला की करंट स्वतः थांबवतो, रात्रभर लावल्याने लगेच काही फुटत नाही. नुकसान आहे ते शंभरवर पाच-सहा तास पडून राहण्याचं, आणि उशीखाली ठेवला तर उष्णतेचं.

कंपन्यांनी हे उघड बोलायला बराच उशीर केला असं माझं मत. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने कबूल केलं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग ते कमी करत होते, केवढा गदारोळ झाला, आणि त्यानंतर २०१८ पासून बॅटरी हेल्थचा आकडा लोकांना सेटिंगमध्ये दिसायला लागला. २०१९ ला ऐंशीवर थांबून उठायच्या वेळेपर्यंत उरलेलं भरणारं चार्जिंग आलं, सॅमसंगने ८५ ची मर्यादा दिली, २०२३ च्या आयफोन १५ मध्ये थेट ८० वर थांबायची सोय आली. युरोपात तर जून २०२५ पासून नियमच आहे, बॅटरीने ८०० सायकलनंतरही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे.

मागच्या दिवाळीत मी बाबांच्या फोनमध्ये ती मर्यादा चालू करून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच त्यांचा आवाज, "चार्जर गेला गं, पुढे सरकतच नाहीये." मग चहा घेत घेत त्यांना हे सगळं सांगितलं, निकेलपासून. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि आत जाऊन आईला समजावत बसले.